साहेबाची पसंती

आमच्या कागदी आळीत एक शिस्त होती. गिऱ्हाईक कागदाचा ताव उचलायचं, उजेडाकडे धरायचं, अंगठ्यानं चोळायचं आणि "पसंत" म्हणायचं. लगेच त्या गठ्ठ्याला लाल दोरा बांधायचा. दोरा बांधलेला माल सख्ख्या भावालाही द्यायचा नाही. पसंत म्हटल्यावर माल न नेणारा माणूस आम्ही जुन्नरात पाहिलेला नव्हता.

गिरणीचा कागद आला आणि आळी ओस पडत गेली. शेवटी आमचाच एक हौद उरला. आमचे हे हौदातल्या चिंध्यांच्या लगद्यातून ताव काढायचे, मी वाळवून दगडानं घोटायची. त्या घोटण्यानं माझे खांदे कायमचे गेले.

पाऊस ओसरल्यावर दौऱ्यावरचा गोरा साहेब आळीत आला. त्यानं ताव उजेडाकडे धरला, अंगठ्यानं चोळला आणि म्हणाला, "जॉली गुड!"

ह्यांनी सोबतच्या कारकुनाला विचारलं, "काय म्हनले सायेब?"

"छान आहे म्हणतात. पसंत पडला."

साहेबाची पाठ वळायच्या आत ह्यांनी दोरा बांधला. आता कचेरीचा कागद आपल्याकडूनच जाणार, हौद वाचला! मी मेली खुळी, ईद असल्यासारखा शीरखुर्मा केला.

दिवाळीच्या तोंडावर आमचे नेहमीचे मारवाडी शेठ चोपड्यांसाठी आले.

"भाऊ, हाच गठ्ठा द्या."

"न्हाई शेठ. सायबाचा माल हाय त्यो."

शेठनी गिरणीचा कागद नेला आणि पुन्हा आळीत पाऊल टाकलं नाही.

होळी झाली तरी कचेरीतून कुणी फिरकलं नाही. तेव्हा हे स्वतःच गेले. त्याच कारकुनानं कपाळाला हात लावला. "अहो, साहेब सगळ्यालाच तसं म्हणतात! लेण्याद्री चढले, जॉली गुड. उकडलेली अंडी खाल्ली, जॉली गुड. घोडा नीट चालला, जॉली गुड. आवडलं की म्हणायचं, झालं. त्यात घ्यायचं काही नसतं."

घरी येऊन हे मला विचारत राहिले, "नुसतं चांगलं म्हनायचं आन् न्यायचं न्हाई? असं कसं असल?"

मला त्या साहेबाचा असा संताप आला! त्यानं कागदाला चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. निदान माल शेठकडे गेला असता.

हौद कोरडा पडला तो पडलाच. गठ्ठ्याला वाळवी लागली, तरी ह्यांनी दोरा सोडू दिला नाही. बांधकामावर दगड वाहिले, छाती धरली, अंथरुणाला खिळले. अन्न तुटलं. एका सकाळी मी हट्टानं तूप घालून पेज केली आणि चमचाभर त्यांच्या तोंडात घातली. कशीबशी गिळली त्यांनी. माझ्याकडे बघून हसले.

"जॉली गुड," म्हणाले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुसरा चमचा माझ्या हातातच राहिला.