फॉल लावता लावता आईने विचारलेलं

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे सांगायला मला संकोच नाही, उलट आवडतं. पण शेवटच्या वर्षाला इतिहासाच्या सेमिनारला उभी राहिले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. दहा मिनिटं बोलायचं होतं, मी दोन वाक्यांत खाली बसलेले. मॅडमनी पुढच्या सोमवारी आणखी एक संधी दिली. तीही गेली तर वर्ष गेलं.

विषय होता अमेरिकेतल्या वसाहतींमधले प्युरिटन लोक आणि त्यांचं चर्च. आंबिवलीच्या आमच्या खोलीत मी रोज वही घेऊन आईसमोर उभी राहायचे. ती साड्यांना फॉल लावत, मान वर न करता ऐकायची. मी सांगितलं, त्यांच्या मते कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलेलं. प्रार्थनेला सगळ्यांनीच यायचं, पण सभासद व्हायचं तर मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, देवाची कृपा झाली हे आपल्याला कसं कळलं. त्यांना पटलं तरच घेणार.

"आणि एखादीला चारचौघांत बोलताच येत नसेल तर?" आईने विचारलं.

मी वैतागले. म्हटलं, हे नोट्समध्ये नाही.

"नोट्समध्ये नसेल. तिथे बायका तर असतील ना?"

आमच्या विहारात आई दर रविवारी मागच्या भिंतीला टेकून बसते. चपला काढल्या, वंदनेला बसलं, झालं. कोणी काही विचारत नाही. पुढे येऊन ती कधी एक शब्द बोललेली नाही. ते आठवलं आणि मी तिचा प्रश्न वहीच्या कडेला लिहून घेतला.

शनिवारी ठाण्याच्या लायब्ररीत शोधत बसले. सापडलं. काही चर्चमध्ये बायका आपली हकिगत पाळकाला, म्हणजे तिथल्या धर्मगुरूला, एकांतात सांगायच्या, आणि तो ती लिहून घेऊन मंडळीसमोर वाचून दाखवायचा.

सोमवारी उभी राहिले. पाठ केलेली पहिली ओळ पुन्हा गायब. वही मिटली आणि म्हटलं, "माझ्या आईने एक प्रश्न विचारलाय, तिथून सुरू करते." मॅडमनी थांबवलं तेव्हाच थांबले.

घरी येऊन पास झाल्याचं सांगितलं. आईने आधी विचारलं, त्या बायकांना घेतलं का मग? घेतलं, म्हटलं. बरं झालं, म्हणाली, आणि दोरा ओवायला सुई माझ्याकडे दिली.

आता मी कल्याणला शिकवते. वर्गात ज्याला बोलता येत नाही, त्याची तोंडी परीक्षा तास संपल्यावर जिन्यात बसून घेते. ही पद्धत कुठली, असं एका सहकाऱ्याने विचारलं.

आईची, म्हटलं.