आवरलेला ओढा

माझ्या नणंदेला गल्लीत सगळे फूटपट्टी म्हणतात. लहानपणी म्हणे ती दारं, खिडक्या, आल्यागेल्याचे पाय, दिसेल ते मोजायची. पुढे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे काढायची नोकरी लागली, ती तिने अकरा वर्षं नेटाने केली. आणि छत्तिसाव्या वर्षी एक दिवस राजीनामा देऊन पदव्युत्तर शिक्षणाला कॉलेजात जाऊन बसली. विषय काय, तर ओढ्यातलं पाणी कसं वाहतं आणि वस्तीत कसं शिरतं. वर्गातली मुलं तिला मावशी म्हणायची. माझ्या नवऱ्याने, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाने, तोंड वाकडं केलं. पाणी उतारावरून खाली जातं, एवढं शिकायला दोन वर्षं कशाला, असं त्याचं म्हणणं. मी मात्र मनातून खूश होते. कुणीतरी त्या ओढ्याच्या हात धुवून मागे लागायलाच हवं होतं.

तो ओढा आमच्या लॉन्ड्रीला खेटून वाहतो. दोन वर्षांपूर्वी तो दुकानात शिरला आणि कमरेपर्यंत चढला. गिऱ्हाइकांचे दोन कपाटं भरून कपडे चिखलात गेले. भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ राहिली, ती मी मुद्दाम पुसली नाही. नगरपालिकेचे इंजिनिअर ती बघून म्हणाले, तुमच्याच घरात अभ्यास चाललाय, तर अहवाल येऊ दे. ओढा काठाबाहेर येतो असं हिशेबात निघालं तर काम हाती घेऊ, नाहीतर फाइल बंद.

फूटपट्टी सुट्टीत होस्टेलवरून आली. तिपाईवर दुर्बीण लावून, लांब पट्ट्या उभ्या करून तिने तीन दिवस ओढा मोजला. रुंदी, खोली, उतार, पुलाखालचे दोन पाइप, काही सोडलं नाही. वहीत सगळं टिपून परत गेली.

तीन आठवड्यांनी रविवारी आली ती चेहरा पाडूनच. दोन वर्षांपूर्वीचा पाऊस तिने गणितात घालून बघितला, तर पाणी काठाच्या हातभर खालीच राहत होतं. म्हणजे गणिताप्रमाणे आमचं दुकान बुडालंच नव्हतं. माझा तिळपापड झाला. मी तिला भिंतीपुढे नेऊन उभी केली आणि विचारलं, ही रेघ काय मी ब्रशने काढली? तिने मान खाली घातली. तिचे सर म्हणाले होते की ओढ्याच्या खरखरीतपणाचा एक आकडा असतो, तो थोडा वाढव, उत्तर जुळेल. पण ही ऐकेल तर ना.

"वहिनी, आकडा वाढवायला कारण लागतं," ती म्हणाली. "मी डोळ्यांनी बघितलाय ओढा. तळ स्वच्छ, काठ मोकळे. खोटं कसं लिहू?"

मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला. पाणी कुठेतरी मुरत होतं, पण कुठे, ते कळेना.

जेवायला बसलो. नवऱ्याला वाटलं, बहीण हिरमुसलीय, हिला जरा बरं वाटेल असं बोलावं. म्हणून तो रंगवून रंगवून सांगू लागला, की गल्लीला तुझं किती कौतुक आहे. "तू मोजायला येणार कळलं, तर आम्ही सगळ्यांनी दोन रविवार राबून ओढा आवरला. पुरुषभर उंचीची लव्हाळी कापली. एक गादी निघाली, स्कूटरचा सांगाडा निघाला. म्हटलं, आपली मुलगी घाणीत कशाला उतरेल?"

तिचा घास हातातच राहिला. तिने भावाकडे असं बघितलं, की त्याला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. मग ती ताडकन उठली आणि खरकट्या हातानेच माझ्या खांद्याला धरून मला गदागदा हलवलं.

"वहिनी, मी नटवलेला ओढा मोजला."

पाच मिनिटांत आम्ही दोघी गल्लीच्या पुढे, ओढ्याच्या वळणाच्या वरच्या बाजूला होतो. तिथे कुणी राहत नाही, त्यामुळे तिथला ओढा कुणी आवरला नव्हता. एक बाटली अर्धी पाण्याने भरून तिने वर सोडली आणि माझ्या हातात मोबाइलचं घड्याळ दिलं. पन्नास फुटांना एक मिनिट आणि बारा सेकंद लागले. बाटली लव्हाळ्यात सारखी अडखळत होती. मग आम्ही गल्लीमागे येऊन तीच बाटली सोडली. बावीस सेकंद. मी घड्याळ तिच्या नाकापुढे धरलं. आम्ही दोघी, वयाने एवढ्या मोठ्या बायका, काठावर उड्या मारत होतो. पाणी तेवढंच येतं, पण वाट काढायला वेळ लागला की ते वर चढतं, हे मला त्या दिवशी कळलं. आनंदाने माझ्या अंगावर काटा आला.

तिने पुन्हा चार दिवस वरचा ओढा मोजला. नव्या गणितात पाणी काठ ओलांडून आमच्या रेघेच्या फक्त चार बोटं खाली पोचलं. फाइल उघडी राहिली. पण अहवालात तिने शेवटी लिहिलं ते वाचून गल्लीचं तोंड उतरलं. भिंत नको, नवा पूल नको. दर पावसाळ्याआधी लव्हाळी कापा, गाळ काढा आणि पाइपांच्या तोंडाशी जाळी लावा, बस. इंजिनिअरसाहेबांनी लगेच मान्य केलं. माझा नवरा सगळ्यांत जास्त भडकला. एवढं शिकून गवत कापा म्हणून सांगायचं होतं, तर ते मीही सांगितलं असतं, म्हणाला. आणि तरीही पालिकेच्या माणसांबरोबर कोयता घेऊन पहिला उतरला तोच.

त्या वर्षी पावसाळ्याच्या मध्यावर तीन दिवस संततधार लागली. मोजणीच्या भांड्यात पाऊस तेवढाच भरला, जेवढा आम्हाला बुडवताना भरला होता. फूटपट्टी सकाळीच आली आणि छत्री टाकून ओढ्यातल्या पट्टीसमोर उभी राहिली. तिच्या हिशेबाने पाणी काठाच्या हातभर खाली थांबणार होतं, चारच्या सुमाराला. तीन वाजता ते दीड हात खाली होतं आणि चढत होतं. गढूळ, जोरात, पाइपांतून धाडधाड आवाज करत. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. नवरा बाहेर आला. आजवर त्याने बहिणीला कधी काही विचारलं नव्हतं.

"कपडे वर न्यायचे का?"

तिने पट्टी बघितली, वही बघितली, पुन्हा पट्टी बघितली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"नको दादा. इस्त्री चालू ठेव."

तो आत गेला. मी तिचा हात घट्ट धरून उभी राहिले. चार वाजता पाणी चढत चढत काठाच्या हातभर खाली पोचलं आणि तिथेच थांबलं. सव्वाचारला ते बोटभर उतरलं, तेव्हा मी ओरडतच दुकानात धावले. तो ओढ्याकडे पाठ करून उभा होता आणि तासभर एकाच शर्टावरून इस्त्री फिरवत होता.