लंडन ते रिसोड, आठ दिवस

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. माझा कारभार चोख आहे असं गावात म्हणतात — पेरणी, मजूर, वर्षाचं धान्य, सगळं वेळेवर. म्हणून तर कोणी मला कधी खोदून काही विचारलं नाही.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा माझा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. धाकटा दीर दिगंबर बॅरिस्टर व्हायला लंडनला होता. जाताना त्याने आईला अंगणात बसवून विमानाचा रस्ता समजावला होता — कराचीपर्यंत पाच हजार मैल, चार दिवस; पुढे आगगाडीने अकोला, तिथून मोटारीने रिसोड. आठव्या दिवशी दारात. "बोटीनं महिना जाते, माय. तू निसती तार कर." म्हातारीने मुक्काम पाठ केले. पोहरादेवीच्या यात्रेच्या वाटेवर वाशिम, मंगरूळ, मानोरा म्हणावं, तसं ती कैरो, बगदाद, बसरा म्हणायची.

दुखणं वाढलं, तसं तिने एकच धरलं. शेवटचं पाणी पोटच्या पोराच्या हातचं हवं. "तार कर वं सूनबाई. मले दिगूच्याच हातचं पाणी पायजे."

मी गड्याला घेऊन वाशिमला गेले. बियाणं घेतलं. कंदिलाच्या काचा घेतल्या. परत येऊन म्हटलं — "केली."

मग रोज तेच. "आज कुठं असन वं?" मी भाकरी थापता थापता सांगायचे, "कैरोले." पुढे — "बगदादले." जड गेलं का? नाही. सोपं गेलं. कराचीच्या दिवशी तिने माझ्याकडून केस विंचरून घेतले.

आठवा दिवस गेला. नववाही गेला. दहाव्या दिवशी तिने विचारलं, "मोटर बिघडली असन काय वं?" तेव्हा तरी खरं बोलायचं होतं — नाही का? मी म्हटलं, "आत्याबाई, इमान काय अन् मोटर काय, आपल्या बैलावानी वाटेत बसत नाही. आठ दिवसाचा रस्ता हाय. यायचं असतं तं आला असता."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

तार मी केलीच नव्हती. पोस्टासमोरून दोनदा गेले, आत पाय टाकला नाही. का? माझ्या नवऱ्याचं प्रेत घरात होतं, तेव्हा ती बायांना म्हणाली होती — "माहा दिगू हाय ना, तेच लय झालं." ते मी जपून ठेवलं होतं. पण सगळा दोष त्यावर ढकलू कशी? ती एकदाच बोलली. मी दहा दिवस बोलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने हाक मारली. "तूच घाल वं पाणी. आता कोनाची वाट पाहू?" मी घातलं. एक घोट गेला, बाकीचं गालावरून उशीवर ओघळलं. त्यानंतर प्राण जाईपर्यंत दिगूचं नाव तिने घेतलं नाही.

दिगंबर माझ्या पत्रावर आला, बोटीने. तार का नाही केली, असं त्याने विचारलं. "भाऊजी, टाइमच नाही भेटला," मी म्हटलं. "येका रातीत गेल्या." त्याने विश्वास ठेवला.

आता तो अकोल्याला वकिली करतो. दर दिवाळीला येतो आणि आधी माझ्या पाया पडतो — आईच्या तोंडात पाणी घातलं म्हणून. मी पाय मागे घेत नाही.