बुफरचा डावा कान

गाड्यांमध्ये स्पीकर बसवणाऱ्या त्या माणसाला सगळे बुफर म्हणायचे, दणक्याच्या मोठ्या स्पीकरला म्हणतात तसं. अंग तसंच, चौकोनी आणि भरलेलं, आवाज थेट पोटातून. तोंड मात्र कायम एरंडेल प्यायल्यासारखं. गिऱ्हाईक म्हणालं, "आवाज दणदणीत पाहिजे," की हा विचारणार, "गाणी ऐकायचीत की शेजाऱ्याचा सूड घ्यायचाय?" तरी लोक यायचे. कारण वीस वर्षं त्याच्या कानाने सांगितलं ती काळ्या दगडावरची रेघ.

त्याच कानाने दगा दिला. बंद गाड्यांत बसून आयुष्यभर दणके खाल्ले आणि डावा कान पार गेला. हे आधी दोघांनाच माहीत होतं, बायकोला आणि बायकोच्या भावाला. हा मेव्हणा सहा वर्षं त्याच्याच हाताखाली शिकला आणि मग समोरच, अगदी नाकासमोर, काचेचं चकचकीत दुकान थाटून बसला. वर गिऱ्हाइकांना गोड आवाजात सांगायचा, "दाजी देवमाणूस हो! पण बिचाऱ्यांना आता ऐकूच येत नाही."

दोन महिन्यांत बुफर माश्या मारायला लागला.

एका सकाळी दातांची डॉक्टरीण गाडी घेऊन आली. त्याचं जुनं गिऱ्हाईक, पण नवे स्पीकर समोरच्या दुकानातून बसवून घेतलेले. "जुन्यांत निदान धमक होती हो. आता डबा वाजवल्यासारखं वाटतं. आणि तो म्हणतो, मोठा अँप्लिफायर घ्या."

"मग जायचं होतं तिकडेच, घ्यायचा होता," बुफर गुरकावला. पण पाना हातात घेतला.

मेव्हणा रस्ता ओलांडून आलाच. शेजारचा टायरवालाही आला, फुकटचा तमाशा कोण सोडतो! "दाजी, आधी नुसतं ऐकून सांगा ना. बिघाड कुठल्या बाजूला आहे?"

बुफरने पाना खाली ठेवला. एका कानाने बाजू कशी कळणार? चुकलं तर सगळ्यांसमोर बहिरा ठरणार, मग दुकानाला कुलूपच.

त्याने गाणं लावून ऐकलंच नाही. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि मागचा सेल काढला.

"वेळ बघताय का दाजी?"

"तुझी भरलीय का, ते बघतोय."

त्याने दोन्ही दरवाज्यांची पॅनेलं उघडली, स्टिरिओ बाहेर ओढला आणि उजव्या स्पीकरच्या तारांना सेल टेकवला. स्पीकरचा पडदा टुणकन बाहेर आला. मग डाव्याच्या तारांना, तसाच. पडदा आत गेला.

"बोट ठेव इथे. ठेव म्हणतो ना! एक ढकलतोय, दुसरा ओढतोय. एकमेकांचा दणका खातायत, तुझ्यामाझ्यासारखे. डाव्याच्या तारा उलट्या जोडल्यास गाढवा, आणि बाईंना अँप्लिफायर विकायला निघालास?"

तारा बदलून त्याने गाणं लावलं आणि दरवाज्यावर तळहात ठेवला. पत्रा थरथरला. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला.

मेव्हण्याचा मात्र काळवंडला. तो बुफरच्या डाव्या बाजूला सरकला आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलला. टायरवाला एकदम खाली बघायला लागला. बुफरला शब्द कळले नाहीत, पण टायरवाल्याची मान कळली.

"उजवीकडून बोल रे," तो मोठ्याने म्हणाला. "डावा गेलाय माझा. हो, गेलाय! सगळ्यांनी ऐका. मला एका कानावर जे कळलं ते याला दोन शाबूत असून कळत नाही."

मेव्हणा तरातरा निघून गेला. मग डॉक्टरीणबाई गाडीला वळसा घालून मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूला आल्या. "उद्या आमच्या यांची गाडी पाठवते. तुमच्याकडेच."

"लवकर पाठवा," बुफर म्हणाला. हसला नाही.

दुपारी घरी बायकोने ताट आपटलं. बातमी आधीच पोचली होती. माहेरच्या माणसाची चारचौघांत शोभा! रागाच्या भरात ती त्याच्या डावीकडे बसली आणि हातवारे करकरून तासभर बोलत राहिली.

बुफरने मान वळवली नाही. तो जेवत राहिला.