गोमुखापाशी वळताना

देवाने माझं ऐकलं की नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. माझी थोरली बहीण, अक्का, हुबळीजवळ उणकलला राहायची. दर सोमवारी आम्ही दोघी तिथल्या महादेवाला प्रदक्षिणा घालायचो. पुढे माझे गुडघे धरले आणि जाणं बंद पडलं. त्यात तिचं हृदयाचं दुखणं वाढलं. "एकदा तरी दोघी मिळून फिरू गं, मग मी मोकळी," एवढंच तिचं मागणं. तेवढ्यासाठी मी घाबरत घाबरत डावा गुडघा बदलून घेतला.

हुबळीत व्यायामाला जायची, तिथे टीव्हीवरचा एक खेळ नवीनच आला होता. फळीवर उभं राहायचं. ज्या पायावर भार द्याल तिकडे टीव्हीतली बाहुली वळते. टीव्हीत मधोमध एक झाड, ते डाव्या हाताला ठेवून तिला फिरवायची, म्हणजे नव्या गुडघ्यावर भार येणार. पण मेलं माझं मन! झाडाला उलटी प्रदक्षिणा कशी घालायची? मी आपली उजवीकडेच वळायची. व्यायाम घेणारी मुलगी वैतागली, "अहो आंटी, ते टीव्हीतलं झाड आहे!" मला काय कळत नव्हतं? पण पाय ऐकेना, गुडघा वाकेना, आणि उणकलहून रोज फोन, अक्का विचारतेय, कधी येतेस? मी खुर्चीत बसून रडले.

शेजारी एक अनोळखी आजी बसल्या होत्या. कन्नडमध्ये म्हणाल्या, "तंगी, शिवाला गोमुखापर्यंतच जाऊन परत फिरतात ना? परतताना देव डाव्याच हाताला येतो की!" तंगी म्हणजे धाकटी बहीण. माझ्या अंगावर काटा आला. उठले, हात जोडले आणि त्या झाडाला परतीची प्रदक्षिणा घातली. गुडघा वाकला. आजींचं नाव विचारायचंही राहून गेलं.

काठी सुटली तशी, सोमवारी येते म्हणून कळवलं. अक्का रविवारीच गेली. फार रागावले मी देवावर. एक दिवस आधी पाठवलं असतंस तर तुझं काय जात होतं?

अक्काचे दिवस झाल्यावर एकटीच देवळात गेले. जाताना अक्का नेहमी पुढे असायची. गोमुखापाशी वळलं की आपसूक मी पुढे आणि ती मागे. दर वेळी हसून म्हणायची, "आता तू हो पुढे."

गोमुखापाशी पोचले. ही खंत माझ्याबरोबरच जाणार, महादेवा. पण तू वळवलंस तिथे वळले, त्या आजींचे उपकार मानले आणि तुला डाव्या हाताला ठेवून चालत राहिले. मागे पाहिलं नाही. परतताना अक्का मागेच असते.