कुकरवाल्यानं मागितलेली दोन मिनिटं

ही सन दोन हजार बावीसची गोष्ट, तवा वय माझं अडुसष्ट. आजबी कुणाच्या रानात हळद शिजायला लागली, की त्या गोडसर, मातकट वासानं मला तो दिवस आठवतो. कुरुंद्याच्या आमच्या मळ्यात वसमतचा एक मुसलमान हळद शिजवायचा कुकर घेऊन दरसाल यायचा, मला मामा म्हणायचा; पंधरा वर्सं झाली होती. त्या दुपारी हळदीचे तीन ड्रम शिजून उतरले होते अन् चौथ्यात वाफ सोडली होती, तेवढ्यात गावातली चार पोरं मोटरसायकलीवर आली. त्यात माझा पुतण्याबी होता. "देवाला वाहायची हळद तुझ्या हातानं न्हाई शिजायची. उचल सामान!" म्हणत एकानं त्याची गचांडी धरली. तो म्हणला, "जातो भाऊ, पण दोन मिनिटं थांबा. ड्रम कच्चा उतरला तर मामाची हळद वाया जाईल." पोरं हसली. "मामा म्हणून राहिला! कवापासून रे सोयरा?" अन् पुतण्यानं त्याच्या कानफटात दिली. त्यानं माझ्याकडं पाहिलं. बांधाच्या एका फुटासाठी सख्ख्या भावाला कोर्टात उभं करणारा मी, वाफेकडं बघत राहिलो.  भ्यालो म्हणावं, तर ती पोरं माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली. त्यानं वाफ बंद केली, ट्रॅक्टरला कुकर जोडला अन् गेला. मी काहून गप बसलो, ते अजून मला सांगता येत न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुसऱ्या गावच्या कुकरवाल्याला फोन लावला, अन् कवा येतो ते विचारायच्या आधी त्याचं आडनाव विचारलं.