रेघ ओढणाऱ्या डॉक्टरीणबाई

शिळफाट्याच्या डॉक्टरीणबाई आजारी पोरांच्या तोंडावर पेनाने रेघा ओढायच्या. सुजलेल्या डोळ्याभोवती जिथवर लाली असेल, तिथवर निळं कुंपण. पोर कितीही किंचाळलं तरी बाईंचा हात डगमगत नसे. वर दरडावायच्या, "हल, हल. मग नाकाखाली मिशीच काढते."

माझी प्रज्ञा चार वर्षांची होती तेव्हा तिला ताप चढला आणि डोळा असा सुजला, की पापणीच उघडेना. आमच्या कुंभिवलीत सगळे म्हणाले, रांजणवाडी हाय, जाईल. तरी मी तिला बाईंच्या दवाखान्यात नेलं. बाईंनी पापणी वर करून बॅटरी धरली आणि मला सरळ सांगितलं, "ही रांजणवाडी नव्हे. हे डोळ्याच्या मागे शिरलं तर नजर जाईल." लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. लाली रेघेच्या आत राहिली तर इथेच उपचार, बाहेर गेली तर तडक मुंबई. नवरा टेंपो घेऊन सुरतेकडे गेलेला. मी त्या रेघेकडे बघत बसले. इतकं एकटं मला सासरी येतानाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई डबा घेऊन आल्या आणि त्यांनी मायेने नातीचं तोंड ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलं. रेघ गेली. बाई आल्या आणि बघतच राहिल्या. "आजी, आता लाली पुढे सरकली का मागे, ते मी कुणाला विचारू?"

सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलं, पोरीनंच गिरबटलंय."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी नवी रेघ काढली आणि दवाखान्यावरच्या आपल्या घरी जेवायलाही गेल्या नाहीत, आमच्याच डब्यातली भाकरी खाल्ली. त्या घरात दुसरं कुणीच नाही, हे मला तेव्हा कळलं. "पोरं बरी व्हावीत म्हणून धडपडते गं," त्या म्हणाल्या, "आणि ती बरी होऊन गेली की वॉर्ड खायला उठतो."

लाली ओसरली, डोळा उघडला, आम्ही घरी आलो. पुढचं औषध बाटलीतलं होतं. सूज उतरली की आया बाटली फडताळात ठेवून देतात आणि दुखणं उलटतं, याचा बाईंना भारी राग. म्हणून रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. "दिलंस?" "दिलं." मग प्रज्ञा काय जेवली, कुणाशी भांडली, हेही विचारायच्या. औषधापेक्षा त्या गप्पाच लांबायच्या.

एका संध्याकाळी म्हणाल्या, "संपली बाटली?"

"संपली, बाई. डोळा एकदम चांगला हाय."

"बरं झालं. मग आता फोनचं काही काम नाही."

एवढं बोलूनही त्यांनी फोन ठेवला नाही. मीही तो कानाला धरून उभी राहिले.